आधी भोसरी वाचवा, मग शिव्या अडवा

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमध्ये भोसरी आहे. भोसरीची एमआयडीसी जुनी आहे, भोसरी नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे, रोज तिथून हजारो माणसं कामाला जातात-येतात. या नावात आणि उत्तर हिंदुस्थानातल्या एका घाणेरड्या शिवीत मात्र एकाच अक्षराचा फरक आहे. ‘एखादं अक्षर इकडचं तिकडे केलं तरी शिवी सुटता कामा नये’ असा नियम तुम्ही तुमच्या ॲपमध्ये घातलात, तर भोसरीच्या माणसाला स्वतःचा पत्ताही लिहिता येणार नाही.

इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावावर ही वेळ १९९६ साली आली होती. गावाच्या नावात एक इंग्रजी शिवी दडलेली असल्यामुळे अमेरिका ऑनलाइन या कंपनीची यंत्रणा तिथल्या रहिवाशांची नोंदणीच करून घेईना. तेव्हापासून या चुकीला त्या गावाच्या नावानेच ओळखतात. मराठीत अशी स्कनथॉर्प डझनांनी आहेत आणि पुण्यातल्या बऱ्याच प्रकल्पांत त्यांचा विचार शिव्या अडवणारा फिल्टर चालू झाल्यावर, तक्रारी आल्यावर होतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की फिल्टर लिहायला बसाल तेव्हा पहिली फाइल शिव्यांची करू नका. जे शब्द कुठल्याही परिस्थितीत अडता कामा नयेत, त्यांची करा.

ती फाइल कशी भरायची? शेतीपासून सुरुवात करा. गांडूळखत हा शब्द अडवणारं कृषी ॲप महाराष्ट्रात एक दिवसही चालणार नाही. आरोग्याच्या ॲपमध्ये मुतखडा, स्तनपान, स्तनाचा कर्करोग, योनिमार्ग हे शब्द रुग्ण लिहिणारच. ग्रामपंचायतीच्या कामात ‘हागणदारीमुक्त गाव’ हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. क्रिकेटच्या गप्पांत न्यूझीलंड येणार, मुलगी शिकायला गेली असेल तर लंडन येणार. भोसले हे आडनाव छत्रपतींच्या घराण्याचं. गोव्यात झांट्ये आडनावाची घरं आहेत, डिचोलीला नारायण झांट्ये यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. रोमन लिपीत तर संकट आणखी वाढतं. गांधी हे नाव रोमनमध्ये लिहिलं की त्याची पहिली चार अक्षरं एका शिवीची होतात आणि बालगंधर्व रंगमंदिरातल्या ‘गंधर्व’चीही तीच गत. पुण्याच्या प्लेगच्या इतिहासावर कुणी विद्यार्थी लिहीत असेल, तर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत ज्याच्यावर गोळी झाडली त्या रँडचं नाव रोमन लिपीत लिहिताच तो अडकेल. इतकंच काय, नुसते अक्षरांचे तुकडे शोधणारा फिल्टर गायत्री मंत्राच्या शेवटच्या शब्दावरही लाल शाई मारतो.

या फाइलसाठी डोकं खाजवत बसण्याची गरज नाही. जनगणनेची गावांची यादी मिळते, टपाल खात्याची पिनकोड यादी मिळते, मराठी विकिपीडियावरच्या लेखांची शीर्षकं उतरवून घेता येतात. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत. ती सगळी नावं तुमच्या फिल्टरमधून एकदा काढा आणि कोणती अडली ते बघा. ही चाचणी एका दुपारची आहे. तिच्यात जे सापडेल ते सहा महिन्यांच्या तक्रारींतून सापडण्यापेक्षा कितीतरी बरं. नंतर नियमात बदल केलात की दर वेळी हीच चाचणी आपोआप चालली पाहिजे, अशी सोय करून ठेवा.

आता शिव्यांची यादी. ‘बेटर-प्रोफॅनिटी’ किंवा ‘बॅड-वर्ड्स’सारख्या तयार पॅकेजांच्या मूळ याद्या इंग्रजी आहेत, त्यामुळे बरेच जण कुठून तरी हिंदीची यादी उचलतात आणि मराठीला लावतात. तसं करू नका. हिंदीत ‘साली’ ही शिवी आहे. मराठीत ‘१९४७ साली’ हा साधा कालनिर्देश आहे. उलट खास मराठी, त्यातही वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी शिव्या त्या यादीत नसतातच. प्रदेशाप्रमाणे शब्दाचं वजनही बदलतं. मालवणी मुलखात जो शब्द म्हातारी आजी नातवाला मायेने हाक मारताना वापरते, तोच सदाशिव पेठेतल्या घरात कुणी उच्चारला तर भांडण होईल. म्हणून यादी करायला एकटे बसू नका. विदर्भ, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र अशा वेगवेगळ्या भागांतली माणसं एकत्र बसवा. पुण्याच्या कोणत्याही कचेरीत ती सापडतात. त्यात बाया हव्यातच. बाईला ऐकाव्या लागणाऱ्या शिव्यांचा मोठा भाग पुरुषांना आठवतच नाही.

यादीतला प्रत्येक शब्द मजकुराशी जुळवताना मराठीची दोन वैशिष्ट्यं आडवी येतात. एक लिपीचं आहे, दुसरं व्याकरणाचं.

लिपीचं आधी. संगणकाला मराठी शब्द अक्षरांनी दिसत नाही, सांकेतिक क्रमांकांच्या माळेसारखा दिसतो आणि एकच दिसणारा शब्द दोन वेगळ्या माळांनी लिहिता येतो. ‘ॲप’ हाच शब्द घ्या. त्यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये ०९७२ या एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ०९०५ चा ‘अ’ आणि ०९४५ चं अर्धचंद्राचं चिन्ह एकापुढे एक ठेवूनही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते या दोघांना एक करत नाही. ते काम तुम्हाला करावं लागतं. शिवाय अदृश्य जोडचिन्हं असतात. खोडकर माणूस ती शिवीच्या मधोमध टाकतो, डोळ्याला काही कळत नाही आणि फिल्टर फसतो. म्हणून ती काढावी लागतात. पण काही कीबोर्ड ‘दऱ्या’मधला अर्धा र अशाच अदृश्य चिन्हाच्या मदतीने लिहितात, ते चिन्ह काढलं की डोंगराच्या दऱ्यांचा दर्या होतो. यावर उपाय साधा आहे. मूळ मजकुराला हात लावू नका. त्याची एक वेगळी प्रत करा, तिच्यात अदृश्य चिन्हं काढा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा, ‘ण्ड’ आणि ‘ंड’ एक करा, सलग आलेली तीच तीच अक्षरं एकावर आणा, मधले ठिपके आणि तारका पुसा, आणि शोध फक्त त्या प्रतीत घ्या. लोकांना दिसेल ते मूळच.

शब्दाच्या सीमेचा घोटाळा याहून वाईट आहे. पायथनमधलं नेहमीचं पॅटर्न-शोधाचं मॉड्यूल काना, मात्रा, उकार यांना शब्दाचा भाग मानत नाही. समजा, गांडूळातला शेवटचा ‘ळ’ काढून उरणारा शब्द तुम्हाला अडवायचा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुम्ही शब्दसीमेचं चिन्ह घातलं. उकार हा त्या मॉड्यूलच्या लेखी शब्दाबाहेरचा, त्यापुढचा ‘ळ’ मात्र शब्दातला. म्हणून त्या दोघांच्या मध्ये त्याला सीमा दिसते आणि बिचारं गांडूळ पकडलं जातं. उलट खरी शिवी लिहून पुढे मोकळी जागा सोडली, तर उकारही बाहेरचा आणि मोकळी जागाही बाहेरची, त्यामुळे सीमा नाही आणि शिवी सुटते. म्हणजे हव्या त्याच्या नेमकं उलट काम होतं. जावास्क्रिप्टमध्ये सीमेचं चिन्ह फक्त रोमन अक्षरांपुरतं चालतं, त्यामुळे तिथे देवनागरीतला शब्द कधीच जुळत नाही आणि चाचणीत ‘काहीच अडलं नाही’ असं पाहून माणूस खूश होतो. पायथनमध्ये ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल वापरा. ते मात्रांना शब्दात धरतं. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा पर्याय चालू करून, ‘मागे किंवा पुढे अक्षर अथवा मात्रा नसावी’ अशी अट स्वतः लिहा.

आणखी एक सुधारणा करून घ्या. तुलना क्रमांकांनी न करता पूर्ण अक्षरांनी करा, म्हणजे जोडाक्षर एक धरून. इंग्लंडमधलं ‘ग्लं’ हे एकच अक्षर आहे. ते फोडून त्यातला ‘लं’ वेगळा काढण्याचं काही कारण नाही. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र धरण्याचा नियम आलेला आहे, तो पाळणारी लायब्ररी निवडा. इंग्लंड आणि आयर्लंड यामुळे सुटतील. पोलंड आणि थायलंड सुटणार नाहीत, कारण तिथे ‘लं’ खरोखरच सुटा आहे. त्यांच्यासाठी शब्दसीमाच हवी.

व्याकरणाची अडचण अशी, की मराठी शब्द एकटा फिरत नाही. गाढव हा सौम्य शब्द घेऊ. गाढवा, गाढवाला, गाढवांनो, गाढवाचा, गाढवासारखा, गाढवच. यादीत फक्त ‘गाढव’ ठेवून तंतोतंत जुळणी केली तर बाकीचे सगळे सुटतात. ‘गाढवने सुरू होणारं काहीही’ असा नियम केला तर निरपराध शब्दही मारले जातात. मधला मार्ग चांगला चालतो: प्रत्येक शब्दाचं मूळ रूप आणि सामान्यरूप ठेवा, आणि त्यांच्यापुढे येऊ शकणाऱ्या प्रत्ययांची बंद यादी ठेवा. ला, ने, नी, शी, चा-ची-चे-च्या, हून, त, वर, नो, सारखा आणि जोर देणारे ‘च’ आणि ‘ही’. मूळ किंवा सामान्यरूप, त्यापुढे असलाच तर यादीतला प्रत्यय आणि मग शब्दाचा शेवट, एवढं जुळलं तरच पकडा. लंडनमधला नुसता ‘न’ या यादीत नाही, गांडूळातला ‘ळ’ नाही, म्हणून दोघे सुटतात.

तरीही एक शब्द असा आहे, जिथे हा नियमही हरतो, आणि तो पुण्यात रोज हजारो वेळा लिहिला जातो. ‘खोली भाड्याने देणे आहे.’ भाडं या शब्दाचं सामान्यरूप भाड्या. ‘भाड्या’ ही एक जुनी, जहरी शिवीसुद्धा आहे. भाड्याने, भाड्याला, भाड्याचा हे प्रत्यय दोघांनाही सारखेच लागतात. घरभाड्याचं ॲप बनवणाऱ्या कुणी हा शब्द यादीत टाकला तर धंदाच बंद. यादीतून काढला तर शिवी मोकळी. इथे आजूबाजूचे शब्द बघण्याला पर्याय नाही. भाड्याच्या अर्थाने हा शब्द कधी नुसता येत नाही, त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतंच. नुसता ‘भाड्या’ आला आणि त्याआधी ‘अरे’, ‘ए’ किंवा ‘तू’ असेल तर ती शिवी समजायला हरकत नाही. एक काळजी घ्या: फोनवर टाइप करणारी माणसं प्रत्यय तोडून लिहितात, ‘भाड्या साठी’, ‘भाड्या वर’. म्हणून पुढचा शब्दही तपासा. प्रत्यय जोडलेलं रूप असेल तर अडवू नका. फार तर माणसाच्या नजरेखाली जाऊ द्या.

रोमन लिपीतल्या मराठीबद्दल थोडक्यात. झ कुणी झेडने लिहितो, कुणी जे-एचने. व कुणी व्हीने, कुणी डब्ल्यूने. आ कधी एक एने, कधी दोन एने. शून्य, एक आणि ‘ॲट’चं चिन्ह यांचा वापर स्वरांच्या जागी होतो. हे सगळं प्रतीत एकसारखं करून घ्या. मात्र सगळे स्वर काढून नुसत्या व्यंजनांचा सांगाडा जुळवण्याच्या मोहात पडू नका. सांगाडे इतके आखूड उरतात, की निम्मी मराठी आडनावं शिव्यांसारखी दिसू लागतात.

इथवर जे सांगितलं ते कौशल्याचं. यापुढचं न्यायाचं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रात सर्वांत खोल जखम करणारी शिवीगाळ जातीवरून होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवाचक शिवी देणं हा गुन्हा आहे. म्हणून काही जण घाईने जातींची नावंच यादीत टाकतात. त्यातला तांत्रिक अनर्थ लगेच दिसतो: ‘महार’ हा तुकडा अडवला की महाराष्ट्र आणि महाराज दोन्ही अडतात. पण खरा अनर्थ वेगळाच आहे. महार रेजिमेंट १९४१ पासून भारतीय सैन्यात आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात, वंशावळीत, आपल्या लढ्याचा इतिहास सांगताना माणसं आपल्या समाजाचं नाव लिहितात. ते नाव अडवलं म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच बोलण्याची बंदी केली. जातीचं नाव कधीही, कुठल्याही कारणाने, अडवायच्या यादीत जाता कामा नये. त्याच्याभोवती अपमानाचे शब्द आले, किंवा कुणी तक्रार केली, तर तो मजकूर तातडीने माणसाकडे जावा आणि त्या माणसाला हा विषय कळत असावा. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तरी जुन्या कागदांवर आणि पत्त्यांत ती नावं अजून आहेत. त्या पत्त्यावर राहणाऱ्याला नोंदणी नाकारू नका.

साहित्यालाही हाच न्याय लावा. देहूच्या तुकोबांच्या गाथेत सोवळ्या कानांना न सोसणारे शब्द आहेत, नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या ‘गोलपिठा’त तर पानोपानी. ग्रंथालयाचं किंवा अभ्यासाचं ॲप असेल, तर छापील साहित्याचा मजकूर आणि वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर एकाच फिल्टरमधून काढू नका.

मग अडवायचं तरी काय? याचं उत्तर कोड लिहिण्याआधी, दोन-चार वाक्यांत, मराठीत लिहून काढा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला: आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. ठरावाची चौकट अरुंद आहे, म्हणूनच ती गावातल्या प्रत्येकाला समजते. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. तिथे सगळ्यांची संमती असते, कुणाचा अपमान होत नाही. तुमच्या ॲपमधल्या दोन मित्रांच्या खाजगी गप्पा आणि डॉक्टरच्या नावाखाली कुणीही वाचू शकेल असा अभिप्राय या दोन ठिकाणी एकच नियम लावायचा का, याचा विचार या दोन उदाहरणांवरून करता येईल. माझं मत असं, की खाजगी संवादात फिल्टर चालवू नये, फक्त तक्रारीचं बटण द्यावं. सार्वजनिक जागी तो चालवावा. ‘आयला’ किंवा ‘च्यायला’ असे उद्गार, जे कुणावर रोखलेले नसतात, ते दोन्हीकडे सोडून द्यावेत.

यादीच्या पुढे जायचं असेल तर पुण्यातच मोठं काम झालेलं आहे. २०२१ मध्ये द्वेषाचा मजकूर ओळखण्याच्या हासोक या संशोधन स्पर्धेत मराठीचा समावेश झाला, आणि पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने, पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा संच काढला. पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट, आणि प्रत्येकाला चारपैकी एक खूण: द्वेषाचं, अपमानाचं, अर्वाच्य किंवा यांपैकी काही नाही. या चार खुणांतच मोठं शहाणपण आहे. शिवी असूनही द्वेष नसतो आणि एकही शिवी नसताना भयंकर द्वेष असतो, हे त्यांनी वेगळं केलं. मराठी वाक्यांच्या मोठ्या संग्रहावर शिकवलेलं ‘महाबर्ट’ हे भाषेचं प्रारूपही (मॉडेल) त्यांचंच. पुढे २०२३ मध्ये मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेल्या मजकुरासाठीही त्यांनी संच आणि प्रारूपं दिली, आणि आपली बहुतेक माणसं फोनवर लिहितात ती भाषा हीच. ही प्रारूपं घ्या, पण परवाना वाचून घ्या. संशोधनासाठी मोकळं असलेलं धंद्यासाठी मोकळं असतंच असं नाही. ट्वीटवर, त्यातही राजकीय भांडणांवर शिकलेलं प्रारूप सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीवर जसंच्या तसं चालेल असंही धरू नका. तुमच्या स्वतःच्या मजकुरातले काहीशे नमुने, नावं आणि फोन नंबर पुसून, दोन मराठी माणसांना स्वतंत्रपणे तपासायला द्या. जिथे त्या दोघांचंच जुळत नाही, तिथे यंत्राला निर्णय देऊ नका.

चाचणीचा आकडा वाचताना सावध राहा. समजा, १०,००० संदेशांत १०० शिवराळ आहेत. फिल्टर त्यातले ९० पकडतो आणि बाकीच्या ९,९०० पैकी फक्त दोन टक्के चुकून अडवतो. ऐकायला उत्तम वाटतं. पण दोन टक्के म्हणजे १९८. एकूण अडवलेले २८८, त्यातले १९८ निरपराध, म्हणजे दहातले जवळजवळ सात. ‘किती शिव्या पकडल्या’ हा एकच आकडा प्रकल्पाच्या अहवालात लिहू नका. ‘अडवलेल्यांत खऱ्या किती’ हाही लिहा.

पकडल्यावर काय करायचं, याला पर्याय अनेक आहेत आणि थेट पुसून टाकणं हा त्यातला सर्वांत वाईट. पाठवण्याआधी ‘हे असंच पाठवायचं का?’ एवढं विचारलं तरी रागाच्या भरात लिहिणाऱ्याला एक श्वास मिळतो. सार्वजनिक अभिप्रायात छापील मराठीची जुनी रीत वापरता येते: शब्दावर फुल्या टाका, बाकीचं वाक्य राहू द्या, तक्रार खरी असू शकते. शंका असेल तर मजकूर थांबवून ठेवा, पण लिहिणाऱ्याला तसं सांगा, आणि कोणत्या शब्दामुळे थांबला तेही सांगा. गुपचूप गायब होणारा मजकूर माणसाला जास्त चिडवतो आणि चूक तुमची असेल तर ती तुम्हाला कधी कळतही नाही. दाद मागायला एक बटण हवं. वापरकर्त्यांचा मजकूर दाखवणाऱ्या सेवांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमावा लागतोच. अडवलेल्या मजकुराच्या दादीही त्याच्याच टेबलावर येऊ द्या. नाव आणि आडनावाच्या रकान्यात मात्र फिल्टर लावूच नका. अडवलेला मजकूर अनंत काळ साठवून ठेवू नका. तपास झाला की पुसा.

शेवटी हे सगळं वाचणाऱ्या माणसांबद्दल. थांबवलेला मजकूर तपासणाऱ्या मुलामुलींना दिवसभर दुसऱ्यांच्या आईबहिणींवरची, जातीवरची घाण वाचावी लागते. बहुतेक ठिकाणी हे काम सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे जातं. ते पाळीपाळीने वाटा, एका बैठकीला वेळेची मर्यादा घाला, शिवीचा शब्द आधी झाकलेला दाखवा आणि गरज असेल तरच उघडण्याची सोय द्या. ज्या जातीवर किंवा ज्या बाईवर मजकूर रोखलेला आहे, त्याच समाजाच्या माणसाच्या किंवा बायकांच्याच गळ्यात तो तपासण्याचं काम कायमचं बांधू नका. आणि त्यांच्यापैकी कुणी म्हणालं की आज मला हे वाचवत नाही, तर कारण न विचारता दुसरं काम द्या.